आधी सुकवा, मग लावा: सक्युलंटची रोपं घरच्या घरी

जास्वंदीची काडी छाटली की लगेच ओल्या मातीत खोचायची, ही सवय हाताला इतकी लागलेली असते की सक्युलंटचं, म्हणजे पाणी साठवणाऱ्या जाड, रसाळ पानांच्या झाडाचं, पान तुटलं तरी तेच केलं जातं. आठवड्याभरात त्या पानाचा लगदा होतो आणि ‘आपल्याकडे ही झाडं जगतच नाहीत’ असा निकाल लागतो. जास्वंदीच्या काडीजवळ पाण्याचा साठा नसतो, म्हणून मुळं फुटेपर्यंत तिला बाहेरून ओल लागते. एचेव्हेरियाच्या (गुलाबाच्या फुलासारखी दिसणारी सक्युलंट) किंवा जेडच्या पानात मात्र दोन-तीन महिने पुरेल एवढी शिदोरी असते. त्याला पाण्याची घाई नसते, त्याला आधी जखम बंद व्हायला हवी असते. उघडी जखम ओल्या मातीला टेकली की बुरशी आणि जिवाणू सरळ आत शिरतात. कापलेल्या जागी कोरडी खपली धरली की तोच तुकडा त्याच मातीत महिनाभर सुखाने राहतो.

कोणत्या महिन्यात

महाराष्ट्रात आणि गोव्यात सोपा हिशेब म्हणजे दिवाळी ते होळी. एचेव्हेरिया, ग्रॅप्टोपेटालम आणि बाजारात मिळणारे बरेच देखणे सेडम मूळचे मेक्सिकोच्या डोंगराळ भागातले. ही झाडं पानांवरची रंध्रं दिवसा मिटून ठेवतात आणि रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतात. पाणी वाचवण्याची ही रीत शास्त्रात ओळखली जाते तीही यांच्याच क्रॅसुलेसी कुळाच्या नावाने. रात्री गार असल्या की हे काम नीट चालतं. मुंबई-रत्नागिरीकडे मे महिन्यात रात्रीही उकाडा आणि दमटपणा हटत नाही, तेव्हा झाड वाढ थांबवून बसतं. अशा वेळी तोडलेलं पान मुळं धरायच्या आत नासतं. जून ते सप्टेंबर तर या झाडांना हातच लावू नये. पावसाळ्यात खपली धरायलाच दुप्पट दिवस लागतात.

हा नियम सगळ्यांना लागू नाही. स्नेक प्लांट, कोरफड, पानफुटी आणि जेडसारखंच दिसणारं पोर्चुलाकारिया गरम हवेत जास्त जोमाने मुळं धरतात. त्यांची कामं मार्च ते जूनमध्ये करा, छपराखाली असतील तर पावसाळ्यातही चालेल. विदर्भात डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा १० अंशांच्या खाली जातो तेव्हा सगळ्यांचंच काम मंदावतं. तिथे नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी धरावा.

आणखी एक गोष्ट. नर्सरीत येणारी पुष्कळ सक्युलंट कलिंपोंगसारख्या थंड डोंगराळ भागात वाढलेली असतात. घरी आणल्या आणल्या त्यांची पानं तोडायला घेऊ नका, तीन-चार आठवडे इथल्या हवेत रुळू द्या.

मिश्रण

पानं लावायच्या ट्रेसाठी अर्धं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि अर्धं पर्लाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र खनिज दाणे). पर्लाइट नसेल तर धुतलेली जाड वाळू. थर २ ते ३ सेंटिमीटरचा पुरतो. ट्रे म्हणून मिठाईचा प्लास्टिकचा डबा चालतो, फक्त तापवलेल्या खिळ्याने तळाला आठ-दहा भोकं पाडा आणि झाकण फेकून द्या. झाकण लावून ‘मिनी ग्रीनहाउस’ करण्याचे सल्ले सर्रास दिले जातात. ते बेगोनियासाठी ठीक आहेत. सक्युलंटच्या पानांना बंद डबा म्हणजे बुरशीला आमंत्रण.

मुळं धरलेल्या रोपांसाठी आणि फांद्यांसाठी २ भाग विटांचा चुरा, १ भाग कोकोपीट, १ भाग गांडूळखत. कोकण, मुंबई, गोव्यात विटांचा चुरा ३ भाग घ्या आणि खत अर्ध्यावर आणा. चुरा ३ ते ५ मिलिमीटरचा हवा. विटा फोडल्यावर चहाच्या गाळणीसारख्या बारीक चाळणीतून चाळा आणि खाली पडलेली पूड टाकून द्या, कारण हीच पूड पाण्याबरोबर खाली बसून कुंडीचं भोक बुजवते. क्रश सँडचंही (दगड दळून केलेली वाळू) तसंच, धुतल्याशिवाय वापरू नये. समुद्राची वाळू कितीही धुतली तरी नको, तिच्यातलं मीठ पूर्ण जात नाही. कोकोपीटमध्येही क्षार असतात. कोकोपीटची वीट भिजवून ते पाणी दोन-तीन वेळा ओतून दिलं की काम होतं.

मिश्रण जमलं का हे पाहायचं तर ४ इंचांची कुंडी भरून वरून पेलाभर पाणी ओता. पाणी वर तळं करून न थांबता काही सेकंदांत खालून बाहेर यायला हवं. वर साचून राहिलं तर आणखी चुरा मिसळा. तळाशी खडे घातल्याने निचरा सुधारत नाही, तिथे उलट पाणी अडतं. भोकावर खापरीचा एक तुकडा किंवा जाळीचा चौकोन पुरे.

पानावरून रोप: खरी मेख देठाशी

ही पद्धत एचेव्हेरिया, ग्रॅप्टोपेटालम, ग्रॅप्टोसेडम, जेली बीन सेडम, बरोज टेल आणि खऱ्या जेडला (त्याची ओळख पुढे दिली आहे) लागू पडते. पहिल्यांदा करणाऱ्यांनी ग्रॅप्टोपेटालम घ्यावं. नर्सरीत घोस्ट प्लांट या नावाने मिळतं, राखाडी-गुलाबी झाक असते आणि याचं पान नुसतं कोपऱ्यात पडून राहिलं तरी त्याला मुळं फुटतात.

मूळ झाडाचं पाणी पाच-सहा दिवस बंद ठेवा. पाण्याने तट्ट फुगलेलं पान कडकन मधेच मोडतं, किंचित मऊ पडलेलं पान सांध्यातून सुटतं. खालच्या बाजूचं, पण सुरकुतलेलं नसलेलं, भरीव पान निवडा. खोडाजवळ दोन बोटांत धरून डावीकडे-उजवीकडे हलकेच हलवा. वरून खाली ओढू नका. ‘टक्’ असा बारीक आवाज होऊन पान सुटेल.

आता त्याचं टोक उजेडात धरून नीट पाहा. देठाशी एक लहानशी, फिकट पांढरट, कोयरीच्या टोकासारखी गोलसर कड दिसली पाहिजे. नव्या रोपाचा अंकुर त्या कडेतूनच येतो. तिथे सपाट, ओला, हिरवा काप दिसला, तर अंकुराचा भाग खोडावरच राहिला. अशा पानाला मुळं भरपूर येतात, महिनोन्‌महिने ते टवटवीतही राहतं, पण रोप येत नाही. लोक आशेने पाणी घालत बसतात. दोन महिन्यांत मुळांजवळ मोहरीएवढाही कोंब दिसला नाही तर ते पान सोडून द्या.

निवडलेली पानं वर्तमानपत्रावर, सावलीत, एकमेकांना न टेकतील अशी पसरा. कोरड्या हवेत तीन दिवस, दमट हवेत पाच ते सात. देठाचा भाग बोटाला कोरडा आणि किंचित कडक लागला की झालं. रूटिंग पावडरची (मुळं फुटण्यासाठी लावायची पूड) गरज नाही. हळद किंवा कोळशाची पूड लावायची असेल तर लावा, पण ओली जखम हळदीने वाचत नाही, ती सुकवूनच वाचते.

मग ट्रेमधल्या कोरड्या मिश्रणावर पानं आडवी ठेवा, खोलगट बाजू वर. खोचू नका, पुरू नका. ट्रे पूर्वेच्या खिडकीत किंवा गॅलरीत, जिथे सकाळचं एक-दोन तास कोवळं ऊन आणि बाकी दिवस नुसता उजेड मिळतो तिथे ठेवा. पाणी शून्य. पहिले दोन-तीन आठवडे काही होत नाही असं वाटेल आणि सगळ्यात जास्त पानं याच काळात मरतात, कारण हात शिवशिवतात आणि फवारणी सुरू होते.

गुलाबी, दोऱ्यासारखी मुळं दिसू लागली की त्यांच्यावर चिमूटभर मिश्रण भुरभुरवा, पान उघडंच राहू द्या. आता तीन-चार दिवसांतून एकदा फवाऱ्याने फक्त मुळांपाशी पाणी द्या. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात तेवढीच ओल हवी: हाताला गार लागेल, पण बोटाला चिकटणार नाही. कोंब आधी आणि मुळं मागून, असंही होतं. तेव्हा देठ मातीला जेमतेम टेकेल एवढं पान सरकवा आणि तिथे हलकी ओल ठेवा.

सहा-आठ आठवड्यांत बारीक गुलाबासारखं रोप तयार होतं. जुनं पान पिवळं, पातळ, सुरकुतलेलं दिसू लागतं. ते खेचून काढू नका. त्यातला रस संपून ते कागदासारखं होईपर्यंत रोप त्याच्यावरच पोसतं, मग ते आपसूक गळतं. रोप २ सेंटिमीटरचं झालं की २ इंचांच्या कुंडीत हलवा. मोठी कुंडी देण्याचा मोह टाळा. मुळांच्या मानाने माती जास्त असली की ती दिवसेंदिवस ओली राहते. खत आणखी महिनाभर नको. त्यानंतर १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समप्रमाणात असलेलं विद्राव्य खत) एक लिटर पाण्यात अर्धा ग्रॅम, महिन्यातून एकदा, तेही थंडीतच. दहा रोपं हवी असतील तर वीस पानं लावा, थोडी जाणारच.

एचेव्हेरियाला फुलांचा दांडा आला असेल तर त्याच्यावरची छोटी पानंही वापरता येतात. ती सांध्यातून फार अलगद सुटतात आणि मूळ झाडाचा आकार बिघडत नाही.

जेड कोणतं, ते आधी ओळखा

आपल्याकडे ‘जेड’ म्हणून दोन वेगळी झाडं विकली जातात. खरं जेड म्हणजे क्रॅसुला ओव्हाटा: पानं रुपयाच्या नाण्याएवढी किंवा मोठी, जाड, चकचकीत, खोड हिरवट-करडं. दुसरं पोर्चुलाकारिया अफ्रा: पानं नखाएवढी, खोड लालसर तपकिरी, फांद्या लवचीक. बोन्साय म्हणून विकलं जाणारं बहुतेक वेळा हेच. दोन्ही दक्षिण आफ्रिकेतली, पण कुळं वेगळी आणि वागणंही वेगळं. खऱ्या जेडचं पान लावून रोप होतं. पोर्चुलाकारियाच्या पानावरून रोपाची आशा धरू नये, त्याची फांदीच लावावी.

फांदी दोघांचीही सोपी. ८ ते १० सेंटिमीटरची, हिरवी-कोवळी नसलेली फांदी स्पिरिटने पुसलेल्या कात्रीने पेराच्या किंचित खाली कापा. खालच्या ३ सेंटिमीटरवरची पानं काढा. जेड पाच ते सात दिवस सुकवा, पोर्चुलाकारियाला दोन-तीन दिवस पुरतात. ३ इंचांच्या कुंडीत दोन पेरं मातीत जातील एवढी खोचा. डुगडुगत असेल तर काडीचा आधार द्या, हलणाऱ्या फांदीची नवी मुळं तुटतात. पहिलं पाणी आठवड्याने. तीन-चार आठवड्यांनी फांदी हलकेच ओढून पाहा, अडली तर मुळं धरली. उपटून बघायची गरज नाही.

पाण्याच्या बाटलीत जेडला मुळं येतात हे खरं. पण ती मुळं ठिसूळ असतात आणि मातीत गेल्यावर पुष्कळदा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते. दिसायला छान, वेळेचा मात्र तोटा.

स्नेक प्लांट

पान तळाशी कापून ७ ते १० सेंटिमीटरचे तुकडे करा. खालची बाजू तिरकी आणि वरची सरळ कापा, कारण सगळे तुकडे सारखेच दिसतात आणि उलटा लावलेला तुकडा मुळं धरत नाही. दोन-तीन दिवस सुकवून २ ते ३ सेंटिमीटर खोल उभे लावा. मुळांना महिना-दीड महिना लागतो आणि जमिनीतून नवा कोंब वर यायला तीन-चार महिने किंवा त्याहून जास्त. तुकडा हिरवा आणि घट्ट आहे तोवर तो जिवंत आहे.

पिवळ्या काठाची जात असेल तर ही पद्धत वापरू नका. त्या पानात दोन प्रकारच्या पेशींचे थर शेजारी-शेजारी असतात आणि तुकड्यातून येणारा कोंब हिरव्या भागातून येतो. पिवळा काठ गायब होतो. तो टिकवायचा तर कुंडी रिकामी करून जमिनीखालचा जाड कंद पात्याने कापा, प्रत्येक भागाला निदान दोन-तीन पानं आणि थोडी मुळं ठेवा, कापलेली जागा दोन दिवस सुकू द्या, मग लावा.

फुटवे

हावर्थिया, गॅस्टेरिया, कोरफड यांच्या बुडाशी पिलं येतात. कोरफडीचं पान मातीत खोचून रोप होतं असं बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं, होत नाही. त्या पानात अंकुर फुटायची जागाच नसते, ते फक्त हळूहळू कुजतं. कोरफडीचा फुटवा हाताच्या बोटाहून मोठा आणि चार-पाच पानांचा झाला की काढा. हावर्थियाचं पिलू आईच्या तिसरा हिस्सा झालं की चालतं. माती कोरडी असताना सगळं झाड बाहेर काढा, पिलाची स्वतःची मुळं कुठून निघतात ते पाहा आणि जोड हाताने किंवा पात्याने सोडवा. मुळं असलेलं पिलू दोन दिवस सुकवलं की पुरे. बिनमुळांचं असेल तर पाच दिवस.

कॅक्टसची पिलं वर्तमानपत्राची जाड पट्टी गुंडाळून धरा, नुसते हातमोजे बारीक काट्यांना पुरत नाहीत. जखम मोठी असल्यामुळे आठ ते पंधरा दिवस सुकवावं लागतं. निवडुंगाच्या फड्यालाही तेवढेच. शेर, थोर आणि इतर युफोर्बिया कापताना निघणारा चीक डोळ्यांना फार वाईट. चष्मा घाला, काप पाण्याखाली धरून चीक थांबवा आणि हात साबणाने धुतल्याशिवाय चेहऱ्याला लावू नका.

पानफुटीबद्दल सांगण्यासारखं थोडकंच आहे, शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातलंच. पान मातीवर टाका, काठाच्या खाचांतून रोपं येतील. अडचण आली तर ती जास्त रोपं होण्याचीच येते. घरात मांजर-कुत्रं असेल किंवा अंगणात गुरं येत असतील तर ती आवाक्याबाहेर ठेवा, पानफुटी ज्यात मोडते त्या कलांचो गटातली झाडं जनावरांना विषारी असतात.

लांबुळकी झालेली एचेव्हेरिया

उजेड कमी पडला की एचेव्हेरियाचं खोड उंच होतं आणि पानांमध्ये अंतर पडतं. उन्हात ठेवून ती पुन्हा बसकी होत नाही. मुंडकं उडवणं हाच उपाय आणि त्यातून फायदाही होतो. वरचा फुलासारखा पानांचा गुच्छ, त्याला खाली ३ सेंटिमीटर खोड राहील असा, ताणलेल्या दोऱ्याने किंवा पात्याने कापा. पाच दिवस रिकाम्या पेल्याच्या तोंडावर ठेवून सुकवा, म्हणजे पानं दबत नाहीत. मग लावा. उरलेल्या बुंध्यावर तीन-चार पानं राहू द्या. त्याला नेहमीपेक्षा कमी पाणी दिलं तर महिना-दीड महिन्यात पानांच्या बेचक्यांतून दोन ते पाच पिलं येतात. मधली काढलेली पानं ट्रेमध्ये गेली. एका रया गेलेल्या झाडाचं असं सोनं होतं.

कापताना खोडाचा काप नीट बघा. तो पूर्ण पांढरट-हिरवा हवा. मधोमध तपकिरी ठिपका किंवा कडं दिसलं तर कूज तिथवर पोहोचली आहे. पातं स्पिरिटने पुसून आणखी अर्धा सेंटिमीटर वर कापा, डाग संपेपर्यंत.

बिघडतं तेव्हा

पान पिवळट, काचेसारखं आरपार दिसतं आणि दाबलं की पाणी सुटतं: हे जास्त पाण्याचं. ते उचलून लगेच टाका, शेजारची दोन पानंही तपासा. पान सुरकुतलं, पण दाबल्यावर घट्ट लागतं: ते तहानलेलं आहे, मुळं असतील तर पाणी द्या. या दोन लक्षणांची गल्लत होऊन सुरकुतलेल्या, पण अजून बिनमुळांच्या पानावर पाणी ओतलं जातं, आणि मुळंच नसल्यामुळे ते पाणी त्याच्या उपयोगाचं नसतं.

रोपाच्या पानांवर अचानक पांढरट-तपकिरी चट्टे उठले तर ते ऊन लागल्याचे, ते जात नाहीत. सावलीतून उन्हात नेताना आठवडाभर रोज थोडं थोडं वाढवा आणि मार्चनंतर दुपारच्या उन्हासमोर ५० टक्क्यांची शेडनेट बांधा. पश्चिमेच्या काचेमागे ट्रे ठेवला तर एप्रिलात पानं अक्षरशः शिजतात.

पानांच्या बेचक्यांत कापसासारखं काही दिसलं किंवा कुंडीवर मुंग्यांची ये-जा सुरू झाली तर पिठ्या ढेकूण आला. आयसोप्रोपिल अल्कोहोल ७० टक्क्यांचं, कानाच्या कापूसकाडीवर घेऊन एकेक टिपा, पाच दिवसांनी पुन्हा. पसरला असेल तर एक लिटर पाण्यात ५ मिलिलिटर निंबोळी तेल आणि भांडी घासायच्या लिक्विडचे चार-पाच थेंब, संध्याकाळी फवारा. उन्हात फवारलं तर पानं भाजतात. तेलामुळे एचेव्हेरियाच्या पानावरची पांढरी भुकटी निघून जाते आणि ती त्या पानावर परत येत नाही, म्हणून देखण्या झाडावर आधी कापूसकाडीच वापरून बघा. रोप वाढतच नसेल आणि वर काही दिसत नसेल तर कुंडीतून काढून मुळं पाहा. पिठ्याची एक जात मुळांवरही असते. अशा वेळी मुळं धुऊन, तीन दिवस सुकवून नव्या मिश्रणात लावा, जुनी माती कचऱ्यात टाका. ती दुसऱ्या कुंडीत वापरू नका.

मेच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत सगळी नवी रोपं छपराखाली गेली पाहिजेत, वळवाची एक सर ट्रेभर रोपांना पुरते. पावसाळ्यात तीन-चार आठवडे पाणी दिलं नाही तरी चालतं. कुंड्यांमध्ये बोटभर अंतर ठेवा आणि हवा कोंडत असेल तर दिवसातून काही तास पंखा चालू ठेवा.

अडेनियमची फांदी लागते, पण तिच्यातून येणारं झाड सहसा बुडाशी फुगत नाही आणि लोक ते झाड घेतात ते त्या फुगीर बुडासाठीच. त्याचं ताजं बी फेब्रुवारी-मार्चमध्ये पेरा. गरम हवेत ते आठवड्याभरात उगवतं.